ट्रोलिंग मोटर

ट्रोलिंग मोटर : मासेमारीच्या लहान नौकेस मंद गतीने व जवळजवळ नि:शब्दपणे चालविण्यासाठी, तसेच वारा व पाण्याचा प्रवाह यांच्या विरुद्ध तिला एका जागी धरून ठेवण्यासाठी वापरण्यात येणारे, संचायक विद्युत् घटमालेवर चालणारे साधन. आमिष लावलेला गळ चालत्या नौकेमागून सावकाश ओढत नेण्याच्या मासेमारीच्या पद्धतीस ‘ट्रोलिंग’ म्हणतात. त्यावरून या साधनास हे नाव पडले. नौकेचे मुख्य एंजिन तिला मासेमारीच्या जागी नेण्यासाठी असते. तेथे पोहोचल्यावर ते बंद करून ट्रोलिंग मोटर पाण्यात उतरवितात. ही मोटर नौकेच्या पिछाडीस किंवा नाळेवर (पुढील टोकावर) बसविता येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे नाळेवरील मोटरीची निवड व ती बसविण्याची पद्धत यांची माहिती दिली आहे. या मोटरीचा रेटा मुळातच अल्प असतो. त्यामुळे तिचा उपयोग किती होईल हे तिच्या शक्तीपेक्षा ती कोठे, किती खोल व कोणत्या तारांनी जोडून बसविली आहे यांवर अधिक अवलंबून असते.

इतिहास : विजेवर नौका चालविण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकात झाले. एम. एच. याकोबी यांनी १८३८ साली रशियातील सेंट पीटर्झबर्ग येथे नेव्हा नदीवर विद्युत् चलित्राने नौका चालवून दाखविली. फ्रेंच अभियंते ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीवर चालविलेल्या नौकेत चलित्र, पंखा व सुकाणू हे सर्व एकत्र असून नौकेच्या पिछाडीवरून उचलून काढता येत असत. मासेमारीसाठी खास बनविलेली विद्युत् मोटर मात्र १९३४ सालची आहे. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथील ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए या मोटारगाडीचे आरंभक चलित्र घेऊन त्याला लवचिक दंड व पंखा जोडला. फार्गो हे गाव मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर असल्याने त्यांच्या उत्पादनास ‘मिन कोटा’ हे नाव मिळाले. रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्‌कॅन्सॉ राज्यातील बीव्हर सरोवरावर बास माशाच्या गळ-मासेमारीची स्पर्धा भरविली व पुढील वर्षी या मासेमारांची संघटना स्थापन केली. या खेळाच्या प्रसाराबरोबर, दोन्ही हात गळासाठी मोकळे ठेवून पायाने चालविता येणारी नाळेवरील मोटर लोकप्रिय झाली. अमेरिकेतील पिण्याच्या पाण्याच्या अनेक जलाशयांवर पेट्रोल एंजिनांना बंदी असल्याने तेथे ही मोटर हेच नौकेचे एकमेव चालक साधन असते.

नाळेवर बसविण्याचे तत्त्व : मंद गतीने जाणाऱ्या हलक्या नौकेची नाळ पाण्यावर उंच व पिछाडी पाण्यात खोल असते. म्हणून बाजूचा वारा नाळेस चटकन वळवितो. मोटर पिछाडीस असेल, तर नाळ पुन्हा वाऱ्याकडे आणण्यासाठी आधी पिछाडी विरुद्ध बाजूस ढकलावी लागते व तेवढ्या वेळात नौका वाहत जाते. नाळेवरील मोटर जेथे दोष उत्पन्न होतो तेथेच रेटा लावते. पाण्याचा आडवा विरोध ज्या बिंदूत एकवटला आहे असे मानतात तो बिंदू ५ मी. लांबीच्या नौकेत पिछाडीपासून २ मी. अंतरावर असेल, तर त्याच्यापासून नाळेचे अंतर ३ मी. होते, म्हणजे तेवढ्याच रेट्याने नाळेवर मिळणारे वळविण्याचे परिबल दीडपट असते. शिवाय बैलांमागून गाडी यावी त्याप्रमाणे नौकेचा उरलेला भाग ओढीच्या दिशेत आपोआप येतो. बंद केलेल्या मुख्य एंजिनाचा खालचा भाग पाण्यात ठेवल्यास तो स्थिर पात्यासारखे कार्य करतो व पिछाडीचे आडवे घसरणे कमी होते.

रचना : मोटरीचे तीन मुख्य भाग असतात : पाण्यात बुडणारे चलित्र व त्यावरील पंखा, चलित्र धरणारा उभा पोकळ दंड आणि नौकेवर पक्का बसणारा आधार. चलित्र एकदिश विद्युत् प्रवाहावर चालणारे व चिरचुंबक असलेले असून ते जलाभेद्य आवरणात बंद असते. भोवतालच्या पाण्याने ते थंड राहते. म्हणून ते पाण्याबाहेर फार वेळ चालवीत नाहीत. आधाराला बिजागरीची योजना असते. तिच्यामुळे काम संपल्यावर दंड वर घेऊन डेकवर आडवा ठेवता येतो. दिशा बदलण्यासाठी पायपट्टी, हाताचा दांडा किंवा बिनतारी नियंत्रक वापरतात. पायपट्टीकडून आलेली हालचाल पोलादी तारांनी किंवा लहान साहाय्यक चलित्राने दंडाकडे पोहोचविली जाते. जुन्या मोटरींत रोधक वेटोळी मंडलात घालून वेग कमी करीत व त्यामुळे बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. पुढे अर्धसंवाहक नियंत्रक आले. ते प्रवाहाचे अतिशय जलद खंडन करून त्याचे सरासरी मूल्य बदलतात. त्यामुळे मंद गतीस विजेची मोठी बचत होते. [⟶ विद्युत् चलित्र].

रेट्याची निवड : या मोटरींची क्षमता अश्वशक्तीत न देता रेट्यात देण्याचा प्रघात आहे. भारासह नौकेच्या एकूण वजनाच्या २ टक्के रेटा असावा, असा व्यावहारिक नियम आहे. माणसे, इंधन व सामान यांसह ९०० किग्रॅ. भरणाऱ्या नौकेस यानुसार १८ किग्रॅ. रेटा लागतो. हा नियम किमान मर्यादा दर्शवितो. खरी कसोटी वाऱ्याची असते. ५ मी. लांब नौकेची पाण्यावरील बाजू व तीमधील माणसे मिळून वाऱ्यापुढे सु. ३ चौ. मी. क्षेत्र येते, असे धरल्यास ताशी १८ किमी. वाऱ्याचा दाब सु. ४·५ किग्रॅ., तर ताशी ३६ किमी. वाऱ्याचा दाब सु. १८ किग्रॅ. होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. यास्तव अशा नौकेस सु. २५ किग्रॅ. (५५ पौंड) रेट्याची मोटर निवडणे योग्य ठरते. एवढा रेटा १२ व्होल्ट दाबावर मिळतो आणि पूर्ण वेगास सु. ५० अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे शक्ती सु. ६०० वॉट किंवा ०·८ अश्वशक्ती होते. सर्वसाधारणपणे ३२ ते ३६ किग्रॅ. (७० ते ८० पौंड) रेट्यासाठी २४ व्होल्ट व ४५ ते ५० किग्रॅ. (१०० ते ११२ पौंड) रेट्यासाठी ३६ व्होल्ट दाब वापरतात.

दंडाची लांबी : पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ असल्यास तो हवा ओढून घेतो. मग आवाज होतो, रेटा घटतो व मासे बिचकतात. नाळ लाटेवर उचलली गेली तरी पंखा बुडालेला राहील इतका दंड लांब असावा लागतो. त्यासाठी नौका नेहमीच्या भारासह पाण्यात असताना आधार बसविण्याच्या पृष्ठापासून पाण्यापर्यंतची उंची मोजतात व तीत सु. ५० सेंमी. मिळवितात, लाटा येणाऱ्या जलाशयासाठी आणखी १२ ते १५ सेंमी. धरतात. उदा., ही उंची ४५ सेंमी. असल्यास बेरीज सु. ११० सेंमी. येते व बाजारात मिळणाऱ्या लांबींपैकी तिच्या वरची १२२ सेंमी. (४८ इंच) लांबी घ्यावी लागते. आखूड दंडाचा दोष नंतर दूर करता येत नाही. लांब दंड मात्र आधारातील कड्यातून वर सरकवून हवा तेवढाच बुडविता येतो. नौका जमिनीवर किंवा गाडीवर असताना घेतलेले माप फसवे असते.

जागेची निश्चिती : आधार नौकेच्या मध्यरेषेच्या शक्य तितका जवळ असावा. तो फार बाजूला गेल्यास ओढ तिरपी होते व नौका सरळ नेताना सतत दुरुस्ती करावी लागते. टोकदार नाळेत सपाट जागा थोडी असते, म्हणून आधार बहुधा एका बाजूस थोडा सरकवून बसवितात. दंड खाली उतरविताना चलित्र नौकेच्या अंगास घासू नये यासाठी आधाराचे पुढचे टोक काठाच्या बाहेर निदान ४ सेंमी. येऊ देतात. छिद्रे पाडण्यापूर्वी मोटर नुसती जागेवर ठेवून ती अनेकदा उतरवून व उचलून पाहणे, दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहणे आणि आडवी ठेवल्यावर तिची लांबी डेकवर मावते काय याची खात्री करणे आवश्यक असते. आडवी ठेवलेली मोटर नाळेवरील मार्गदर्शक दिव्याच्या आड येता कामा नये. दोर बांधण्याचा खुंट, कठडा किंवा काठाची उंच पट्टी आड येत असल्यास आधाराखाली अगंज पोलादी किंवा ॲल्युमिनियमाची उंचवटा-पट्टी घालतात. डेकच्या खालील बाजूही तपासतात. तेथे इंधनाची टाकी, तारा किंवा तरणक्षमतेसाठी भरलेला फेस असू शकतो.

आधार पक्का करणे : मोटरीचा स्वतःचा रेटा अल्प असल्याने आधारावर फारसा ताण येत नसावा, असा समज होतो, तो चुकीचा आहे. सर्वाधिक ताण मोटर बंद असताना येतो. मुख्य एंजिनावर वेगाने जाणारी नौका लाटांवर आपटते तेव्हा नाळेस गुरुत्वीय प्रवेगाच्या तिप्पट-चौपट प्रवेग मिळू शकतो व आडवी ठेवलेली २० किग्रॅ. वजनाची मोटर आधारास ६० ते ८० किग्रॅ. भारासारखे हिसके देते. हे हिसके दिवसभरात असंख्य वेळा बसतात. लाकडी स्क्रू किंवा पत्र्यात धरणारे स्क्रू त्यांमुळे हळूहळू सैल होतात. यास्तव डेकमधून आरपार जाणारे, सु. ६ मिमी. व्यासाचे अगंज पोलादी बोल्ट वापरतात. ते निदान चार असून आधाराच्या दोन्ही बाजूंस विभागलेले असतात. खालून रुंद वॉशर व नायलॉनचे कडे असलेली, कंपनांनी न सुटणारी नट घालतात. डेकचा पत्रा पातळ असेल, तर खालून ५ ते ६ मिमी. जाडीची ॲल्युमिनियमाची पट्टी देऊन भार पसरवितात. खालून हात पोहोचत नसेल, तर डेकमध्ये झाकण असलेले भोक पाडून घेणे हा उत्तम उपाय होय.

काचतंतू प्रबलित प्लॅस्टिकाच्या डेकमध्ये छिद्र पाडताना वरचा चकचकीत थर तडकू नये म्हणून गिरमिट प्रथम उलटे फिरवितात व छिद्राची कड थोडी उतरती करतात. अशा डेकच्या पोटात पुष्कळदा लाकूड असते. छिद्राच्या कडा एपॉक्सी रेझिनाने बंद केल्या नाहीत, तर पाणी मुरून लाकूड कुजते व वरून शाबूत दिसणारा डेक आतून पोकळ होतो. ॲल्युमिनियमाच्या नौकेत निराळा धोका असतो. अगंज पोलाद व ॲल्युमिनियम यांचा ओलाव्यात संपर्क आल्यास त्यांचा विद्युत् घट बनून ॲल्युमिनियम झिजते. म्हणून दोहोंमध्ये निरोधक वॉशर व जलरोधक लुकण घालतात. तांब्याच्या लवणांनी टिकाऊ केलेले लाकूडही ॲल्युमिनियमास लागून ठेवीत नाहीत. ते त्यास खाते. डेक सपाट नसल्यास बोल्ट आवळताना आधार पिळला जातो व बिजागरी अडकते. अशा वेळी फटीत पातळ चकत्या घालून बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळतात. नौका वारंवार गाडीवरून नेली जात असल्यास मोटर झटपट काढता येईल अशी जोडपट्टी वापरतात. कोणत्याही व्यवस्थेत आडव्या मोटरीवर पट्टा आवळणे आणि दंडास टोकाकडे टेकू देणे अगत्याचे असते.

विद्युत् मंडल : कमी दाबावर मोठा प्रवाह वाहून न्यायचा असल्याने तारांच्या जाडीस विशेष महत्त्व आहे. घटमाला पिछाडीस व मोटर नाळेवर, म्हणजे ५ मी. अंतरावर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून १० मी. तार लागते. या तारेचे छेदक्षेत्र ५ चौ. मिमी. असल्यास ५० अँपिअर प्रवाहास तीत सु. १·७ व्होल्ट दाब खर्ची पडतो. १२ व्होल्टपैकी हा सु. १४ टक्के होय. जवळजवळ ८६ वॉट शक्ती तार तापविण्यात जाते आणि मोटर मंद चालते. छेदक्षेत्र १३ चौ. मिमी. घेतल्यास हीच घट सु. ०·६६ व्होल्टवर येते. अशक्त वाटणाऱ्या मोटरीचा दोष पुष्कळदा या तारेत किंवा तिच्या सैल जोडात असतो. २४ व्होल्ट दाबावर तीच शक्ती निम्म्या प्रवाहाने मिळते व तारेतील शक्तिव्यय एक-चतुर्थांश होतो. तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या, बहुपदरी असाव्यात. त्या नौकेच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून वर ठेवून सु. ४५ सेंमी. अंतरांवर पकडींनी बांधतात व धारदार कडेवरून जातात तेथे रबरी कड्यातून नेतात.

धन तारेत घटमालेच्या शक्य तितके जवळ मंडल खंडक (मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहताच मंडल आपोआप तोडणारे साधन) बसवितात. अमेरिकेतील नौकांच्या मानकानुसार हे अंतर सर्वसाधारणपणे सु. १८ सेंमी.पेक्षा अधिक नसावे. वर उल्लेखिलेल्या मोटरीस बहुधा ५० किंवा ६० अँपिअरचा खंडक चालतो. निर्मात्याने सांगितलेले मूल्य प्रमाण मानावे. खंडक ही केवळ मोटरीच्या रक्षणाची सोय नव्हे. पंख्यात दोर किंवा जलवनस्पती अडकून चलित्र थांबल्यास प्रवाह एकदम वाढतो. तसेच तारेचे निरोधन घासून मंडल संक्षिप्त झाल्यास घटमालेतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. खंडक नसेल, तर काही क्षणांतच तार लाल होऊन पेट घेते. अशी आग इंधनाची टाकी असलेल्या नौकेत किनाऱ्यापासून दूर लागली, तर जीवावर बेतते. नौकेचा धातूचा सांगाडा परतीची तार म्हणून कधीही वापरीत नाहीत. त्यामुळे भटके प्रवाह निर्माण होऊन सांगाडा झिजतो. मासेशोधक यंत्राच्या तारा मोटरीच्या तारांपासून दूर ठेवतात व त्यास वीज एंजिनाच्या घटमालेतून देतात. अन्यथा वेगनियंत्रकातील स्पंदांमुळे त्याचे चित्र बिघडते.

घटमाला : एंजिन सुरू करण्याची घटमाला क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. मोटरीसाठी दीर्घकाळ व खोलवर विसर्जन सोसणारी निराळी घटमाला लागते. दोहोंचे काम एकाच घटमालेकडून घेतल्यास दिवसाअखेर एंजिन सुरू न होण्याचा धोका असतो. शिसे-अम्ल घटमालेवरील १०० अँपिअर-तास ही क्षमता बहुधा २० तासांच्या मंद विसर्जनासाठी, म्हणजे ५ अँपिअर प्रवाहासाठी असते. ५० अँपिअर प्रवाह घेतल्यास ती दोन तास न टिकता सु. सव्वा तासातच संपते. ती निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्यास अपायकारक असते. वेग कमी ठेवल्यास मात्र मोठा फरक पडतो. लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने निम्म्या वेगास ती सु. एक-अष्टमांश पुरते. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमाला तेवढ्याच क्षमतेस निम्म्याहून कमी वजनाच्या असून विसर्जनभर त्यांचा दाब जवळजवळ स्थिर राहतो. त्यांना योग्य असा प्रभारकच वापरावा लागतो. शिसे-अम्ल घटमाला प्रभारित करताना हायड्रोजन वायू निघतो व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून तिची पेटी हवेशीर ठेवतात. घटमाला पट्ट्याने आवळलेली व तिची अग्रे झाकलेली असावीत. [⟶ विद्युत् घट].

समतोल व सुरक्षितता : मोटर २० किग्रॅ., शिसे-अम्ल घटमाला ३० किग्रॅ. व नाळेवरील मासेमार ७५ किग्रॅ. धरल्यास १२५ किग्रॅ. भार नौकेच्या सर्वांत अरुंद भागावर येतो. लहान नौकेची नाळ त्यामुळे खाली बसते व लाटेचे पाणी आत येऊ शकते. म्हणून घटमाला नौकेच्या मध्याकडे किंवा पिछाडीकडे ठेवतात आणि वाढीव लांबीच्या तारेसाठी तिची जाडी त्या मानाने वाढवितात. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बनविलेल्या, ६·१ मी. (२० फूट) पेक्षा कमी लांबीच्या बहुतेक नौकांवर कमाल भार दर्शविणारी पट्टी बंधनकारक आहे; मोटर व घटमाला यांचे वजन त्या भारातून वजा करावे लागते. पायपट्टीवर एक पाय ठेवून उभा असलेला माणूस, मोटर पाण्यातील ओंडक्यास अडताच पुढे पडू शकतो. त्यामुळे तरणजाकीट घालणे व पायपट्टी डेकमधील खोलगट जागेत बसविणे हितावह असते.

चाचणी व देखभाल : जोडणी पूर्ण झाल्यावर धन व ऋण अग्रे पुन्हा तपासतात, ती उलट जोडल्यास वेगनियंत्रक निकामी होऊ शकतो. वेग शून्यावर ठेवूनच वीज जोडतात आणि पंख्याजवळ हात नेण्यापूर्वी ती तोडतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळणे आवश्यक असते. पंख्याच्या मागे दंडाभोवती गळाची दोरी गुंडाळली जाते व ती जलरोधक कड्यास कापून पाणी चलित्रात शिरू देते. मोटरी निकामी होण्याचे हे एक नेहमीचे कारण होय. म्हणून पंखा वरचेवर काढून ती दोरी साफ करतात व पंख्याची सुरक्षा-खिळी तपासतात. खाऱ्या पाण्यासाठी बनविलेल्या मोटरींवर विशेष लेप असून चलित्राच्या रक्षणासाठी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा बसविलेला असतो. गोड्या पाण्याची मोटर खाडीत किंवा समुद्रात वापरणे योग्य नसते.

एकविसाव्या शतकात उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व इलेक्ट्रॉनीय होकायंत्र यांची जोड मिळाल्याने नाळेवरील मोटर नौकेस नांगर न टाकता एका बिंदूवर आपोआप धरून ठेवू शकते. कुंचरहित चलित्रांमुळे तिची कार्यक्षमताही वाढली आहे. मात्र स्थान राखताना अशी मोटर सतत वळते व कमीअधिक वेगाने चालत राहते. परिणामी आधार, तारा व घटमाला यांवरील ताण वाढतो आणि त्यांची योग्य जोडणी पूर्वीपेक्षाही अधिक महत्त्वाची ठरते.